स्वांते अऱ्हेनियस

स्वांते ऑगस्ट अऱ्हेनियस (१९ फेब्रुवारी, १८५९ – २ ऑक्टोबर, १९२७) हे स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ होते. आम्ले, आम्लारी आणि क्षार पाण्यात विरघळताच त्यांचे विद्युतभारित आयनांत विचरण होते, हा सिद्धान्त त्यांनी मांडला. या कार्यासाठी त्यांना १९०३ सालचा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार देण्यात आला. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले स्वीडिश शास्त्रज्ञ होत. याकोबुस व्हान्ट हॉफ आणि विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्याबरोबर ते भौतिकी रसायनशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक मानले जातात. रासायनिक अभिक्रियेचा वेग तापमानानुसार कसा बदलतो हे सांगणारे समीकरण त्यांच्या नावाने ओळखले जाते. हवेतील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणाचा पृथ्वीच्या तापमानावर होणारा परिणाम आकडेमोडीने काढण्याचा पहिला मोठा प्रयत्नही त्यांचाच होता.

जन्म आणि शिक्षण

अऱ्हेनियस यांचा जन्म स्वीडनमधील उप्साला शहराजवळच्या विक या ठिकाणी झाला. त्यांचे वडील स्वांते गुस्टाफ अऱ्हेनियस हे उप्साला विद्यापीठाच्या सेवेत जमीन मोजणीचे काम पाहत. आईचे नाव कॅरोलिना क्रिस्टिना थुनबर्ग असे होते. १८६० मध्ये हे कुटुंब उप्सालात राहावयास आले. वयाच्या तिसऱ्या वर्षीच ते कोणी न शिकवता वाचू लागले होते आणि वडिलांच्या हिशेबाच्या वह्यांतील बेरजा पाहून त्यांनी अंकगणित आत्मसात केले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. उप्सालाच्या कॅथेड्रल शाळेतून ते १८७६ मध्ये उत्तीर्ण झाले आणि त्याच वर्षी त्यांनी उप्साला विद्यापीठात प्रवेश घेतला.

विद्यापीठात पेर तेओडोर क्लेवे हे रसायनशास्त्राचे, तर टोबियास थालेन हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. क्लेवे यांची कीर्ती मूलद्रव्यांच्या संशोधनातील होती. होल्मियम आणि थुलियम या मूलद्रव्यांचा शोध त्यांच्या नावावर आहे. थालेन हे वर्णपटशास्त्रातील जाणकार होते. तेथील अध्यापनाने अऱ्हेनियस यांचे समाधान झाले नाही. म्हणून १८८१ मध्ये ते स्टॉकहोमला गेले आणि स्वीडिश विज्ञान अकादमीच्या भौतिकशास्त्र विभागात एरिक एडलुंड यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागले. क्षार आणि आम्ले यांच्या अतिविरल द्रावणांतून वीज कितपत वाहते, याची मोजमापे त्यांनी येथेच केली.

पूर्वीची समजूत

विद्राव्य पदार्थांच्या द्रावणातून विद्युतप्रवाह वाहतो हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून माहीत होते. वीज वाहून नेणाऱ्या कणांना 'आयन' हे नाव मायकेल फॅरडे यांच्या लेखनातून १८३४ मध्ये रूढ झाले. मात्र हे कण विद्युतप्रवाहामुळेच निर्माण होतात, म्हणजे प्रवाह रेणूला तोडतो, अशी सर्वसाधारण समजूत होती. रुडॉल्फ क्लाउझियस यांनी १८५७ मध्ये, रेणूंच्या आपसांतील धडकांमुळे काही मोजके आयन द्रावणात क्षणभर सुटे होत असावेत, असे सुचवले होते. पण त्यांचे प्रमाण किती, हा प्रश्न त्यांनी हाताळला नव्हता. पुढे फ्रीड्रिख कोलराउश यांनी द्रावणांची वाहकता अचूक मोजण्याची पद्धत विकसित केली आणि विरल द्रावणात प्रत्येक आयन इतरांपासून स्वतंत्रपणे सरकतो असे दाखवून दिले. आयन मुळात येतात कोठून, याचे उत्तर मात्र बाकी होते.

डॉक्टरेटचा प्रबंध

अऱ्हेनियस यांनी आपली मोजमापे आणि त्यांवरील विवेचन एकत्र करून सुमारे १५० पृष्ठांचा फ्रेंच भाषेतील प्रबंध १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाला सादर केला. त्याच्या पहिल्या भागात प्रयोग होते आणि दुसऱ्या भागात उपपत्ती होती. द्रावण जसजसे विरल करावे तसतशी त्यातील प्रत्येक मोलमागची वाहकता वाढत जाते, हे त्यांना आढळले होते. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की द्रावणातील रेणूंचा काही भाग 'क्रियाशील' आणि उरलेला 'अक्रियाशील' असतो; पाणी वाढवल्यास क्रियाशील भागाचे प्रमाण वाढते. वीज वाहून नेणारा हाच भाग रासायनिक अभिक्रियेतही उतरतो. म्हणजे ज्या आम्लाची वाहकता अधिक, ते आम्ल अधिक तीव्र, असा दोन वरवर वेगळ्या दिसणाऱ्या गुणधर्मांतील संबंध त्यांनी जोडला.

परीक्षकांना ही उपपत्ती पटली नाही. प्रबंधाला चौथी श्रेणी देण्यात आली आणि तोंडी परीक्षेतील बचावानंतर ती तिसरीवर नेण्यात आली. पदवी मिळाली, परंतु एवढ्या श्रेणीवर विद्यापीठात अध्यापक होण्याची वाट जवळजवळ बंद होत असे. वयाच्या पंचविसाव्या वर्षी अऱ्हेनियस यांचे शैक्षणिक भवितव्य अशा रीतीने धोक्यात आले.

त्यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशांतील नामवंत शास्त्रज्ञांकडे पाठवल्या. त्यांत क्लाउझियस, लोथर मायर, व्हान्ट हॉफ आणि रीगा येथील प्राध्यापक विल्हेल्म ओस्टवाल्ड यांचा समावेश होता. एकाच दिवशी दाढदुखी, कन्येचा जन्म आणि हा प्रबंध अशा तीन गोष्टी आपल्या वाट्याला आल्या आणि त्यांत प्रबंधानेच सर्वाधिक अस्वस्थ केले, अशी आठवण ओस्टवाल्ड यांनी पुढे नोंदवून ठेवली आहे. त्यांच्या या अस्वस्थतेला कारण होते. एस्टरांचे जलविघटन आणि साखरेचे विघटन हे दोन्ही आम्लांमुळे किती वेगाने घडतात, यावरून ओस्टवाल्ड हे आम्लांचा तीव्रताक्रम अनेक वर्षे ठरवत आले होते. आता त्यांनी त्याच आम्लांची वाहकता मोजून पाहिली, तेव्हा दोन्ही क्रम जुळले.

ऑगस्ट १८८४ मध्ये ओस्टवाल्ड स्वतः उप्सालात आले आणि त्यांनी अऱ्हेनियस यांना रीगा येथे येण्याचे निमंत्रण दिले. वडील आजारी असल्याने अऱ्हेनियस यांना ते स्वीकारता आले नाही. वडिलांचे १८८५ मध्ये निधन झाले. तथापि परदेशी प्राध्यापकाच्या या भेटीचा परिणाम होऊन उप्साला विद्यापीठाने अऱ्हेनियस यांची भौतिकी रसायनशास्त्राच्या अध्यापकपदी नेमणूक केली.

विचरण सिद्धान्त

अकादमीच्या प्रवासवृत्तीमुळे १८८६ पासून अऱ्हेनियस यांना परदेशी प्रयोगशाळांत काम करता आले. रीगा येथे ओस्टवाल्ड, व्युर्झबर्ग येथे कोलराउश, ग्राट्झ येथे लुडविग बोल्ट्झमन आणि अॅम्स्टरडॅम येथे व्हान्ट हॉफ यांच्या सान्निध्यात त्यांनी काळ घालवला.

याच सुमारास व्हान्ट हॉफ यांनी द्रावणांचा परासरण दाब वायूंच्या नियमांप्रमाणे वागतो असे दाखवले होते. साखरेसारख्या पदार्थांना हा नियम चोख लागू पडे. क्षार, आम्ले आणि आम्लारी मात्र त्यात बसत नसत. फ्रान्स्वा-मारी राउल्ट यांच्या गोठणांकाच्या मोजमापांतही तीच अडचण होती. विरल द्रावणात मिठाचा एक मोल पाण्याचा गोठणांक साखरेच्या एका मोलापेक्षा जवळजवळ दुपटीने खाली आणतो, तर कॅल्शियम क्लोराइड जवळजवळ तिपटीने. व्हान्ट हॉफ यांनी यासाठी समीकरणात एक गुणक घातला, पण त्याचा अर्थ त्यांना सांगता आला नव्हता.

तो अर्थ अऱ्हेनियस यांनी सांगितला. मिठाच्या एका रेणूपासून सोडियम आणि क्लोराइड असे दोन स्वतंत्र कण होतात, कॅल्शियम क्लोराइडपासून तीन होतात. गोठणांकावर परिणाम कणांच्या संख्येचा होतो, म्हणून गुणक दोनच्या किंवा तीनच्या जवळ येतो. प्रबंधातील 'क्रियाशील' रेणू म्हणजे दुसरे काही नसून सुटे आयन होत, हे आता त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत मांडले. त्यांनी अनेक पदार्थांच्या विचरणाचे प्रमाण एकदा वाहकतेवरून व एकदा गोठणांकावरून काढले आणि दोन्ही आकडे बहुतांशी जुळतात असे दाखवले. हा निबंध ओस्टवाल्ड आणि व्हान्ट हॉफ यांनी सुरू केलेल्या भौतिकी रसायनशास्त्राच्या जर्मन नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

आम्ल, आम्लारी आणि समतोल

या सिद्धान्तानुसार पाण्यात विरघळल्यावर हायड्रोजन आयन देणारा पदार्थ म्हणजे आम्ल आणि हायड्रॉक्साइड आयन देणारा पदार्थ म्हणजे आम्लारी. आंबट चव, लिटमसच्या रंगातील बदल, धातूंवरील क्रिया हे आम्लांचे सामाईक गुण हायड्रोजन आयनाचे ठरले.

उदासिनीकरणाच्या उष्णतेचे जुने कोडेही त्यातून उलगडले. कोणतेही तीव्र आम्ल आणि कोणताही तीव्र आम्लारी यांची विरल द्रावणे एकत्र केली तरी पाण्याच्या प्रत्येक मोलमागे जवळजवळ तेवढीच, सुमारे ५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. पदार्थ वेगळे असूनही उष्णता सारखी का, याचे उत्तर असे की घडणारी क्रिया प्रत्येक वेळी एकच असते: हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन एकत्र येऊन पाणी तयार होते. क्षाराचे आयन आधीही सुटे असतात आणि नंतरही सुटेच राहतात.

तीव्र आणि सौम्य आम्लांतील भेद विचरणाच्या प्रमाणाचा ठरला. हायड्रोक्लोरिक आम्लाचे विरल द्रावणात जवळजवळ पूर्ण विचरण होते. याउलट व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्लाच्या लिटरला ०.१ मोल संहतीच्या द्रावणात २५ अंश सेल्सिअसला हजारातील सुमारे १३ रेणूंचेच विचरण झालेले असते. उरलेले रेणू आणि सुटे आयन यांच्यात समतोल असतो. रेणू सतत फुटत असतात आणि आयन सतत जुळत असतात. ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये या समतोलाला वस्तुमानक्रियेचा नियम लावून विरलनाचा नियम मांडला. त्यामुळे प्रत्येक सौम्य आम्लाची तीव्रता एका स्थिरांकाने सांगता येऊ लागली.

अऱ्हेनियस यांनी स्वतः मिश्र द्रावणांतील समतोलाचा अभ्यास केला. एकमेकांत मिसळली असता ज्यांच्या विचरणात फरक पडत नाही अशा द्रावणांचा विचार त्यांनी मांडला. सौम्य आम्लात त्याच आम्लाचा क्षार घातल्यास सामाईक आयनामुळे आम्लाचे विचरण मागे हटते, हेही या समतोलावरून आपोआप निघते. सोडियम ॲसेटेटचे द्रावण आम्लारिधर्मी आणि अमोनियम क्लोराइडचे द्रावण आम्लधर्मी का असते, याचा उलगडा क्षारांच्या जलविघटनावरून झाला. खुद्द पाण्याचेही अत्यल्प विचरण होते: २५ अंश सेल्सिअसला एका लिटर शुद्ध पाण्यात हायड्रोजन आयन मोलच्या एक कोटीव्या भागाइतके, म्हणजे सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एक, असतात.

विरोध

सिद्धान्ताला तीव्र विरोध झाला. सोडियम पाण्याशी स्फोटक क्रिया करतो आणि क्लोरीन विषारी वायू आहे. मिठाच्या पाण्यात हे दोन्ही मोकळे फिरत असतील तर तसे काहीच कसे दिसत नाही, हा आक्षेप वारंवार घेतला गेला. विद्युतभारित आयन आणि उदासीन अणू यांचे गुणधर्म पूर्णपणे भिन्न असतात, हे त्यावरील उत्तर होते. पण इलेक्ट्रॉनचा शोध लागण्यापूर्वीच्या त्या काळात अणूला भार मिळतो म्हणजे नेमके काय होते हे सांगणे कठीण होते. इंग्लंडमध्ये हेन्री आर्मस्ट्राँग आणि रशियात दिमित्री मेंडेलीव्ह यांनी, द्रावण म्हणजे द्राव्य आणि पाणी यांची संयुगे होत, असा पक्ष घेतला. १८९० मध्ये लीड्स येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात या दोन पक्षांत मोठी चर्चा झाली. तोपर्यंत अऱ्हेनियस, ओस्टवाल्ड आणि व्हान्ट हॉफ यांचा गट 'आयनवादी' म्हणून ओळखला जाऊ लागला होता.

अऱ्हेनियस समीकरण

आम्लांमुळे होणाऱ्या साखरेच्या विघटनाचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो, याचा अभ्यास अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केला. तापमान दहा अंशांनी वाढले तर रेणूंच्या धडका जेमतेम दोन टक्क्यांनी वाढतात. अभिक्रियेचा वेग मात्र कितीतरी पटींनी वाढतो. यावरून, विशिष्ट किमान ऊर्जा असलेले रेणूच अभिक्रियेत भाग घेतात आणि अशा रेणूंचे प्रमाण तापमानानुसार घातांकी रीतीने वाढते, असे त्यांनी प्रतिपादिले. या किमान ऊर्जेला सक्रियण ऊर्जा म्हणतात.

स्टॉकहोममधील कार्य आणि नोबेल पुरस्कार

१८९१ मध्ये जर्मनीतील गीसेन येथील प्राध्यापकपदाचे निमंत्रण नाकारून अऱ्हेनियस स्टॉकहोमच्या उच्च शिक्षणसंस्थेत (आताचे स्टॉकहोम विद्यापीठ) अध्यापक झाले. तेथे त्यांच्या प्राध्यापकपदालाही विरोध झाला. तो मावळून १८९५ मध्ये त्यांची भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पुढे काही वर्षे ते संस्थेचे प्रमुखही होते. स्वीडिश विज्ञान अकादमीने १९०१ मध्ये त्यांना सदस्यत्व दिले, तेही मोठ्या मतभेदानंतर. १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना डेव्ही पदक प्रदान केले.

नोबेल पुरस्कारासाठी त्यांचे नाव पुढे आले तेव्हा हे कार्य भौतिकशास्त्राचे मानावे की रसायनशास्त्राचे, असा प्रश्न निर्माण झाला. अखेर १९०३ चा रसायनशास्त्राचा पुरस्कार त्यांना जाहीर झाला. ज्यांच्या विभागात एकोणीस वर्षांपूर्वी त्यांच्या प्रबंधाला खालची श्रेणी मिळाली होती, ते क्लेवे या वेळी रसायनशास्त्राच्या नोबेल समितीत होते. १९०५ मध्ये अकादमीने भौतिकी रसायनशास्त्रासाठी नोबेल संस्था स्थापन करून तिचे संचालकपद अऱ्हेनियस यांना दिले. १९२७ पर्यंत ते त्या पदावर होते.

हवामान, रोगप्रतिकार आणि विश्व

१८९६ मध्ये अऱ्हेनियस यांनी हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि भूपृष्ठाचे तापमान यांवरील निबंध प्रसिद्ध केला. सॅम्युएल लँगली यांनी चंद्राकडून येणाऱ्या उष्णताकिरणांची केलेली मोजमापे त्यांनी आधाराला घेतली आणि दीर्घ आकडेमोड हाताने केली. या वायूचे प्रमाण दुप्पट झाल्यास तापमान सुमारे ५ ते ६ अंश सेल्सिअसने वाढेल, असा त्यांचा निष्कर्ष होता; आजच्या अंदाजांपेक्षा हा आकडा अधिक आहे. कोळसा जाळल्याने हे प्रमाण वाढेल हे त्यांनी जाणले होते, परंतु त्यास फार दीर्घ काळ लागेल आणि थंड प्रदेशांना ही ऊब हितकारकच ठरेल, असे त्यांचे मत होते.

कोपनहेगन येथील थोरवाल्ड मॅडसेन यांच्यासह त्यांनी जिवाणूंची विषे आणि त्यांवरील प्रतिविषे यांचा अभ्यास केला. बोरिक आम्ल आणि अमोनिया यांसारखे सौम्य आम्ल व सौम्य आम्लारी एकमेकांना पूर्णपणे उदासीन न करता समतोलात राहतात. विष आणि प्रतिविष यांचेही तसेच असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पॉल एर्लिख यांना ते मान्य नव्हते आणि या विषयावर दोघांत दीर्घ वाद झाला. रोगप्रतिकाराच्या रसायनशास्त्रावरील अऱ्हेनियस यांचे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रकाशाच्या दाबामुळे सूक्ष्म जीवबीजे एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर पोहोचत असावीत, ही कल्पना त्यांनी आपल्या लोकप्रिय विज्ञानग्रंथांतून मांडली.

टीका

अकादमीत प्रभावी स्थान मिळाल्यावर अऱ्हेनियस यांनी नोबेल पुरस्कारांच्या निवडीवर मोठा प्रभाव टाकला. १९०६ मध्ये रसायनशास्त्राच्या समितीचा कल मेंडेलीव्ह यांच्याकडे असता अकादमीने आंरी मॉइसाँ यांची निवड केली. या बदलामागे अऱ्हेनियस यांचा विरोध होता असे विज्ञानाच्या इतिहासकारांनी दाखवले आहे. मेंडेलीव्ह यांचे १९०७ च्या आरंभी निधन झाले आणि हा पुरस्कार त्यांना कधीच मिळाला नाही. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या स्वीडिश वंशशुद्धी संस्थेच्या मंडळावरही अऱ्हेनियस होते. या विचारसरणीतून पुढे झालेल्या हानीमुळे त्यांच्या जीवनातील हा भाग आज टीकेचा विषय आहे.

सिद्धान्ताच्या मर्यादा

अऱ्हेनियस यांची व्याख्या पाण्याच्या द्रावणांपुरती मर्यादित होती. रेणूत हायड्रॉक्साइड नसतानाही अमोनिया आम्लारी का, हे तिला सरळ सांगता येत नसे. योहान्स ब्रॉन्स्टेड आणि थॉमस लॉरी यांनी १९२३ मध्ये स्वतंत्रपणे प्रोटॉन देणारा तो आम्ल आणि घेणारा तो आम्लारी अशी व्यापक व्याख्या केली. हायड्रोजन आयन पाण्यात सुटा राहत नसून पाण्याच्या रेणूंशी जोडलेला असतो, हेही पुढे स्पष्ट झाले.

तीव्र विद्युत अपघटनींच्या बाबतीत सिद्धान्त अपुरा पडला. ओस्टवाल्ड यांचा नियम त्यांना लागू होत नसे. हे पदार्थ अंशतः नव्हे तर पूर्णपणे आयनरूपात असतात, ही कल्पना नील्स बिएरुम यांनी मांडली. कलकत्त्याचे ज्ञानेंद्रचंद्र घोष यांनी १९१८ मध्ये पूर्ण विचरण गृहीत धरून विद्युत आकर्षणावर आधारलेली उपपत्ती दिली. पेटर डीबाय आणि एरिख ह्युकेल यांनी १९२३ मध्ये आयनांतील आकर्षणाचा समाधानकारक हिशेब केला.

वैयक्तिक जीवन आणि मृत्यू

अऱ्हेनियस यांचा पहिला विवाह १८९४ मध्ये त्यांच्या विद्यार्थिनी सोफिया रुडबेक यांच्याशी झाला. तो अल्पकाळच टिकला. त्यांचा पुत्र ओलोफ पुढे मृदारसायनाचा अभ्यासक झाला. १९०५ मध्ये त्यांनी मारिया योहान्सन यांच्याशी विवाह केला. या विवाहापासून त्यांना एक मुलगा आणि दोन मुली झाल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात युद्धबंदी झालेल्या जर्मन व ऑस्ट्रियन शास्त्रज्ञांच्या सुटकेसाठी त्यांनी प्रयत्न केले. २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन उप्साला येथे करण्यात आले.

वारसा

डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये सुरू केलेली सामूची मापनपट्टी हायड्रोजन आयनांच्या संहतीवरच उभी आहे. बफर द्रावणे, रक्तातील आम्ल-आम्लारी समतोल, मातीची आम्लता आणि पिण्याच्या पाण्याची तपासणी या सर्वांचे गणित विचरणाच्या समतोलावरच आधारलेले आहे. महाराष्ट्रातील शालेय विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतही आम्ल आणि आम्लारी यांची ओळख अऱ्हेनियस यांच्या व्याख्येने करून दिली जाते. स्टॉकहोम विद्यापीठातील प्रयोगशाळेला, तसेच चंद्रावरील व मंगळावरील एकेका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे.